तानूबाईचं खरं वजन

मेंढरांच्या बाजारात दोन काटे होते. एक बाजार समितीने बसवलेला, आणि दुसरा बिरदेव कोकरेचा डोळा. समितीचा काटा लाइट गेली की बंद पडायचा. बिरदेवचा डोळा पासष्ट वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता.

बिरदेव जनावराभोवती एक चक्कर मारायचा, पाठीच्या कण्यावर तळहात दाबायचा, आभाळाकडे बघायचा (तिथे काय लिहिलेलं असायचं ते देव जाणे) आणि सांगायचा, "साडेबावीस." काट्यावर घातलं की साडेबावीसच भरायचं. हळूहळू हा रोग मेंढरांवरून माणसांवर आला. लग्नात अक्षता पडायच्या आत तो नवरदेव तोलून मोकळा व्हायचा. "पोरगा एकोणसत्तर हाय. हारासकट सत्तर." एका लग्नात त्याने विहीणबाईंचं वजन मोठ्यांदा सांगितलं, तेव्हापासून सोयऱ्यांत त्याला मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसवायची पद्धत पडली.

त्याला दुसराही एक अभिमान होता, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. बाजारात एक जुनी लबाडी चालते. बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढराला मीठ चारायचं. सकाळी ते तहानेने वेडं होतं आणि पोटभर पाणी पितं. मग ते पाणी काट्यावर मटणाच्या भावाने विकलं जातं. बिरदेवने आयुष्यात हे केलं नाही. करणाऱ्याच्या शेजारी तो चहासुद्धा प्यायचा नाही. "पानी इकायचं आसंल तर टँकर घ्यावा," असं तो म्हणायचा.

अशा या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात बायकोकडे मात्र त्या डोळ्याने कधी पाहिलं नव्हतं. घरच्या भिंतीचं वजन कोण करतं?

पळसदेवच्या अलीकडे, माळावर त्यांची वस्ती. एके काळी दीडशे मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जाऊन येणारं हे घर. आता मेंढरं उरली तीस, दोन एकर मका-कांदा, मुलगा ऋतिक बारामतीला एमआयडीसीत कामाला आणि सून सुप्रिया घरात. बायको तानूबाई. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की माळाच्या पलीकडची मेंढरं तिच्या एका हाकेने माघारी वळायची. बिरदेवही वळायचा.

गेल्या माघात तानूबाईला छातीत गाठ लागली. बारामतीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, वेळेत आलात, सहा किमो घ्याव्या लागतील. वस्तीवर सगळे त्याला 'ते दुखणं' म्हणू लागले. तानूबाई सरळ नाव घ्यायची. "क्यान्सर झालाय मला. नाव घेतलं न्हाय म्हून पाव्हणा वाट चुकून जातुय व्हय?"

दोन किमो तिने शिव्या देत देत पचवल्या. तिसऱ्या किमोनंतर मात्र तिचं जेवण तुटलं. भाकरी राखेसारखी लागायची. दूध प्यायलं की लोखंड चाटल्यागत चव तोंडात राहायची. दोन घास खाऊन ती ताट सारायची आणि म्हणायची, "झालं माजं."

दवाखान्यात आहाराच्या मॅडम होत्या, उत्कर्षा मॅडम. वयाने सुप्रियाएवढ्याच. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात वजनाचा काटा. त्यांनी तानूबाईला काट्यावर उभं केलं आणि बिरदेवला समोर बसवलं.

"मामा, मावशींचं वजन एकेचाळीस भरलंय. आल्या तेव्हा सत्तेचाळीस होतं. पुढच्या वेळी चाळीसच्या खाली गेलं, तर डॉक्टर किमो देणार नाहीत, पुढे ढकलतील. अंगात ताकद नसेल तर औषध सोसत नाही. आणि औषध सारखं पुढे जात राहिलं, तर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. कळतंय ना?"

बिरदेवला कळलं. मॅडमनी एक कागद दिला. अंडी, डाळ, दूध, शेंगदाण्याचा लाडू, मासे, शिजवलेल्या भाज्या, सोलून खायची फळं. सगळं ताजं, गरम, दर दोन तासांनी थोडं थोडं. बिरदेवने कागद टोपीत ठेवला, आणि घरी परतताना एसटीत पहिल्यांदाच त्याने बायकोकडे त्या डोळ्याने पाहिलं. एकेचाळीस. बरोबर होतं. त्या दिवसापासून त्याचा डोळा मिटायचं नाव घेईना.

कागदाबरहुकूम सगळं झालं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हा धर्म आहे, आणि जाऊन त्याचं एक तरी खाणं बंद करणं हा त्याहून मोठा धर्म.

पहिली आली शेजारच्या रानातली सिंधुबाई. टेकायच्या आधीच म्हणाली, "अंडी देता व्हय? आवं, अंडं उष्ण. गाठ तापंल की!" अंडी बंद झाली.

मग माळेगाव बुद्रुकहून आप्पासाहेब आले. मोठे ऊसवाले. दरवर्षी त्यांच्या मोकळ्या रानात बिरदेवची मेंढरं खतासाठी बसायची, म्हणून नातं जुनं. ते म्हणाले, "बिरदेवराव, साखर पार बंद करा. गाठ साखरंवर जगती. मोबाइलवर दाखवलंय." एवढं सांगून त्यांनी गाडीच्या डिकीतून दहा किलोची पिशवी काढली. "आन् ही घ्या, कारखान्याची सभासदाची साखर. मोकळ्या हातानं कसं यायचं?" साखर फळीवर गेली आणि तिच्या पाठोपाठ गूळही. गुळाबरोबर शेंगदाण्याचा लाडू गेला.

काटेवाडीचा एक पाव्हणा आला. स्वतः दिवसाला साठ लिटर दूध डेअरीला घालणारा. तो म्हणाला, "दूध बंद करा. आजकालच्या दुधात काय राम न्हाय." दूध बंद झालं.

शेवटी आला आप्पासाहेबांचा पुतण्या राजवर्धन. भर उन्हात कोट घालून. त्याने ट्रॅक्टरएवढ्या रुबाबात एक डबा काढून मध्यभागी ठेवला.

"मामा, ह्यात तेवीस व्हिटॅमिनं हायेत. एक चमचा म्हंजी तीन किलो फळं, दोन किलो पालेभाजी आन् बारा अंडी. मग मला सांगा, जेवायची गरजच काय?"

बिरदेव प्रभावित झाला. मेंढरांच्या पेंडीत तो असलीच पावडर मिसळायचा, पण तिच्या पुडक्यावर तेवीस कुठे लिहिलेलं नव्हतं. डबा ठेवून घेतला. तानूबाईने एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "ह्यापरीस भिताडाचा चुना ग्वाड लागंल."

असं करता करता तानूबाईच्या ताटात उरली भाकरी, पातळ वरण आणि तेवीस व्हिटॅमिनं. सुप्रियाने एकदा धीर करून विचारलं, "आबा, मॅडमनी तर अंडी द्यायला सांगितल्यात."

"मॅडम पोरगी हाय," बिरदेव म्हणाला. "आप्पासायब कारखान्याचे सभासद हायेत."

बिरदेव मूर्ख नव्हता हो. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यांचंच खरं वाटतं. एकाचं ऐकलं नाही आणि तेच नेमकं खरं निघालं तर, या भीतीने तो सगळ्यांचं ऐकत गेला. सगळ्यांचं ऐकलं की माणूस उपाशी मरतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पण डोळा सांगत होता. साडेचाळीस. मग चाळीस. चौथ्या किमोच्या चार दिवस आधी तानूबाई अंगणात वाळवण उचलायला वाकली, आणि बिरदेवच्या डोळ्याने आकडा लावला, एकोणचाळीस. तो उठून मेंढरांच्या वाड्यात गेला, एडक्याच्या पाठीवर हात ठेवून खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. ज्या डोळ्याची सगळ्या बाजाराने वाहवा केली, तो डोळा फोडून टाकावासा त्याला वाटला. तीस मेंढरं चारा चघळायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

रडून झाल्यावर त्याने हिशेब केला. हवेत चाळीस, आहेत एकोणचाळीस. एक किलो कमी. आणि बाजारात एक किलो कमी पडलं की त्यावर एकच उपाय असतो.

किमोच्या आदल्या दिवशी बिरदेवने भिगवणहून खारे शेंगदाणे, पापड आणि मिठातले आवळे आणले. खारट तेवढं तानूबाईच्या तोंडाला कळायचं, त्यामुळे तिने मुठीमुठीने खाल्लं. सकाळी एसटीत बसल्याबरोबर बिरदेवने पाण्याचा कॅन काढला.

"पी."

तिने प्यायलं.

"आनी पी."

मदनवाडीच्या पुढे गेल्यावर तानूबाईने कॅन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "आवं, मला बाजारात न्यायला लागलाय व्हय?"

बिरदेवने खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मेंढक्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला यातलं काय कळायचं राहतं? पण तानूबाई भांडली नाही, ओरडली नाही. कॅन उचलून तिने आणखी चार घोट घेतले आणि पदराआड हसली. खरं तर याच वेळी बिरदेवला शंका यायला हवी होती. नवऱ्याचं चुकलेलं सापडलं आणि तानूबाई गप्प बसली, असं त्या घरात आजवर घडलेलं नव्हतं.

दवाखान्यात ती जरा डुलत डुलत चालत होती. अशक्तपणा असेल, असं बिरदेवला वाटलं. उत्कर्षा मॅडमनी तिला काट्यावर उभं केलं.

"अरे वा! मावशी, त्रेचाळीस!" मॅडम खूश झाल्या. "दोन किलो वाढलं की!"

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. किमो मिळत होती, मॅडम हसत होत्या, सगळं मनासारखं झालं होतं. पण बिरदेवच्या डोक्यात दुसरीच उलथापालथ चालली होती. एकोणचाळीस, अधिक आपण मोजून पाजलेलं एक लिटर पाणी, म्हणजे चाळीस. हे त्रेचाळीस आलं कुठून? पासष्ट वर्षांत तीन किलोची चूक? मेंढराच्या बाजारात पोरंसुद्धा हसली असती.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचा काटा खोटा हाय."

"मामा, परवाच तपासून घेतलाय."

"ती एकोणचाळीस हाय. फार तर चाळीस. त्रेचाळीस आसूच शकत न्हाय!"

तानूबाईने मागून त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. त्याने तो झटकला. चपला काढून तो स्वतः काट्यावर चढला. "माजं अठ्ठावन्न." काट्याने अठ्ठावन्न दाखवलं. तेवढ्यात राजलक्ष्मी सिस्टर कागद घेऊन आत आल्या. बिरदेवने त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि आभाळाच्या जागी पंख्याकडे पाहिलं.

"एकाहत्तर."

"काय एकाहत्तर?" सिस्टर म्हणाल्या.

"तुमी."

"ओ मामा! पासष्ट आहे माझं!" सिस्टर तावातावाने काट्यावर चढल्या. काट्याने एकाहत्तर पूर्णांक दोन दाखवलं. "पायात बूट हायेत," बिरदेव समजुतीने म्हणाला. "बुटांचं दोनशे ग्रॅम." सिस्टरनी हातातले कागद टेबलावर आपटले.

मग बाहेर बसलेले एक गुरुजी तोलून झाले, एक कंडक्टर झाला, पाण्याचे जार आणणारा झाला. सगळ्यांचा आकडा बरोबर. दारात गर्दी जमली. बिरदेव घामाघूम होऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला. "समद्यांचं बरोबर येतंय, मग हिचंच कसं चुकतंय?"

आता सगळेच तानूबाईकडे बघू लागले. ती भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती.

"मावशी, पोटाला काय झालंय?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय. वारा धरलाय." तिचा चेहरा पिळवटला. "मला आदी मोरीकडं जाऊ द्या. ह्या बाबानं घागरभर पानी पाजलंय मला!"

आणि ती निघाली. लुगड्यातली बाई धावायला लागली की कनवटीची गाठ सुटायला वेळ लागत नाही. दारात ठण्ण असा आवाज झाला. दोन किलोचं लोखंडी माप फरशीवर आपटलं, आणि त्याच्या मागोमाग एक किलोचं घरंगळत मॅडमच्या टेबलाखाली गेलं. एके काळी वस्तीवर लोकर विकली जायची, तेव्हाची ती मापं. तानूबाई थांबली नाही. थांबण्यासारखी तिची परिस्थितीच नव्हती.

परत आली ती मान ताठ ठेवून. बिरदेव दोन्ही मापं हातात घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण खोटं कशाला बोला, सुटकाही होती. डोळा चुकला नव्हता.

"तू मापं बांधलीस?"

"चाळीसच्या वर गेलं म्हंजी औषिद मिळंल, आसं वाटलं मला." मग तिचा आवाज चढला. "आन् तुमी काय केलंसा? आवं, जल्मात मेंढराला चारलं न्हाय ते मीठ बायकूला चारलं!"

उत्कर्षा मॅडमना काही उमगेना, तेव्हा तानूबाईने मिठाची लबाडी अख्ख्या दाराला समजावून सांगितली. गुरुजी डोळे पुसत हसले. सिस्टर सगळ्यांत जास्त हसल्या. बिरदेव मान खाली घालून उभा राहिला. त्याचा तो मोठा अभिमान, पाणी न विकणारा माणूस असण्याचा, आता सगळ्या बारामतीसमोर गेला होता.

मॅडमही हसल्या, पण दार लावून घेतल्यावर त्या गंभीर झाल्या. "मावशी, औषध किती द्यायचं ते तुमच्या उंची-वजनावरून ठरतं. त्रेचाळीसच्या हिशेबाने दिलं असतं, तर तुमच्या अंगाला जास्त झालं असतं. असा खेळ पुन्हा नाही करायचा."

तानूबाई पुन्हा काट्यावर चढली. खरं वजन झालं, एकोणचाळीस पूर्णांक एक. डॉक्टरांनी किमो आठ दिवस पुढे ढकलली.

"आता सांगा, काय काय खातात मावशी?"

बिरदेवने काय काय बंद आहे ते सांगितलं. ते लवकर संपेना. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मामा, गाठीला उपाशी ठेवायला निघालात आणि उपाशी राहिल्या मावशी. चमचाभर साखरेने किंवा अंड्याने गाठ फुगत नाही. तो पावडरचा डबा बंद करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही द्यायचं नाही, त्यातलं काही औषधाच्या आड येऊ शकतं. व्हिटॅमिनं ताटातून जाऊ द्या पोटात." मग त्यांनी जरा विचार केला. "तुमची एखादी मेंढी आजारातून उठली आणि खाईना, तर काय करता?"

हा प्रश्न बिरदेवच्या गावचा होता. त्याचा चेहरा उजळला. "त्याला काय मॅडम, थोडं थोडं द्यायचं. हातानं भरवायचं. तिला आवडतंय तेच म्होरं धरायचं. आमच्या टिकलीला बाभळीच्या शेंगा लागत्यात, लंगडीला मक्याचा पाला. आन् तिला एकली बांदायची न्हाय. एकलं मेंढरू खात न्हाय. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून खातं त्ये."

"छान. मग मावशींना काय आवडतं?"

बिरदेवने टोपी सारखी केली. त्याने आठवून पाहिलं. टिकलीचं आठवलं, लंगडीचं आठवलं, विकून टाकलेल्या एडक्याचंसुद्धा आठवलं. तानूबाईचं आठवेना.

"बरं, मावशी कुणाबरोबर जेवतात?"

"कुनाबरोबर म्हंजी?" तानूबाई म्हणाली. "समद्यांचं झाल्यावर. चुलीम्होरं."

तेव्हा बिरदेवच्या ध्यानात आलं की चाळीस वर्षांत आपण बायकोला जेवताना पाहिलेलंच नाही. ती वाढायची, आपण खायचो, हात धुऊन उठायचो. मागे ती काय खायची, किती खायची, खायची की नाही, कुणाला ठाऊक. एवढी लाज त्याला मिठाचीही वाटली नव्हती.

"चिलापी," तानूबाई पंख्याकडे बघत म्हणाली.

"काय?"

"चिलापी आवडती मला. लगीन झालं त्या साली मेंढरं घिऊन भिगवणला उतरलो व्हतो. धरणाकाठच्या एका बाईनं तळून दिलती. त्येच्यानंतर कुनी इचारलं न्हाय."

मॅडम म्हणाल्या, मासा उत्तम. ताजा, गरम आणि बिनतिखट.

परतताना ती दोघं भिगवणला उतरली आणि रस्त्याकडेच्या एका हॉटेलात शिरली. बिरदेवने बिनतिखटाची चिलापी मागितली. वाढप्याने त्याला दोनदा विचारलं, मग आतून मालक आला. "तात्या, बिनतिखटाची चिलापी? आमचं नाव खराब हुईल." बिरदेव म्हणाला, "नावाचं आमी बघून घिऊ. तू मासा आन."

मासा आला. बिरदेवने बोटांनी काटे काढून मऊ तुकडे तिच्या पुढे सारले आणि टक लावून बसला.

"आसं बघू नगा, मला घास उतरंना."

"मग काय करू?"

"तुमी बी खावा की."

त्याने खाल्लं. तिने अर्धा मासा खाल्ला, अठरा घास. त्याने मोजले होते.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीवर नवा कायदा लागू झाला. तानूबाईला भेटायला येणाऱ्याने तिच्या ताटाला ताट लावून खायचं, आणि ज्याने जे बंद करायला सांगितलं होतं, त्याने तेच खायचं. सुप्रिया दर दोन तासांनी काहीतरी गरम करून आणायची आणि बिरदेव वस्तीच्या तोंडाशी काठी घेऊन उभा राहायचा. सिंधुबाईने तीन दिवसांत सात अंडी खाल्ली. काटेवाडीच्या पाव्हण्याला दोन पेले दूध प्यावं लागलं, आणि आपण घालतो त्याच डेअरीचं हे दूध बरं लागतं, असं तो कबूल करून गेला. आप्पासाहेब लाडवांना हात लावेनात, तेव्हा तानूबाई म्हणाली, "तुमी खाल्ल्याबिगर मी बी न्हाय." ते चार लाडू खाऊन उठले आणि त्यांच्या नादाने तिनेही दीड खाल्ला. जाताना बिरदेवने त्यांच्याभोवती चक्कर मारली. "आप्पासायब, गेल्या बारीपरीस दीड किलो वाढलाय."

राजवर्धन डब्याचं काय झालं ते विचारायला आला होता. त्याला स्वतःची पावडर एक चमचा, बिनपाण्याची, खायला लावली. पाण्याचे तीन तांबे पिऊन तो गेला, तो कोट विसरूनच.

कधी तानूबाई चार घास खायची, कधी एकच. एकदा खाल्लेलं सगळं उलटलं, तेव्हा बिरदेव काही न बोलता तिची पाठ चोळत बसला आणि तासाभराने पेज घेऊन आला. पण सहाव्या दिवशी तिने चुकार मेंढरांना अशी हाक घातली की शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवाला थांबला. या सगळ्या दिवसांत बिरदेवने तिच्याकडे साध्या डोळ्यांनी पाहिलं. त्या डोळ्याने पाहायची त्याची छातीच झाली नाही.

आठव्या दिवशी उत्कर्षा मॅडमनी आधी तानूबाईची कनवट चाचपली. मग म्हणाल्या, "मामा, काट्याआधी तुम्ही सांगा."

आता सुटका नव्हती. बिरदेवने चक्कर मारली नाही. तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून पाहत राहिला. डोळ्यांत पाणी भरलं होतं. "एकोणचाळीस," तो म्हणाला. "एकोणचाळीस आन् नऊशे."

तानूबाई काट्यावर चढली.

"चाळीस पूर्णांक तीन!" मॅडम ओरडल्या. "चुकलात मामा!"

"थांबा, थांबा," तानूबाई म्हणाली. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि आतून उकडलेलं अंडं काढलं. "हे मदल्या वक्ताला आनलंय. वजा करा, न्हाय तर हा बाबा पुन्हा काट्याला खोटं पाडंल."

अंडं वजा जाता चाळीस पूर्णांक दोन भरलं.

"आन् पानी न्हाय पाजलं आज, बिरोबाची आन," बिरदेव घाईघाईने म्हणाला. मॅडमनी कागदावर सही केली. किमो मिळाली.

तेव्हा कुठे बिरदेवला समजलं, काय झालं ते. तो बाहेर पळाला. "चुकलो!" तो ओरडला. "आयला, चुकलो की मी! पुरा तीनशे ग्रॅमनं चुकलो!" बाकावर बसलेल्या प्रत्येकाला त्याने ते सांगितलं. राजलक्ष्मी सिस्टरना त्याने वाटेत अडवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी नाही जमलं तुम्हाला चुकायला!"

तो परत आला तेव्हा तानूबाई किमोच्या खोलीबाहेर बाकावर बसून अंडं सोलत होती. तिने अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं त्याच्या पुढे धरलं.

"तूच खा," तो म्हणाला. "तुला पायजे."

"खावा गप," तानूबाई म्हणाली. "एकलं मेंढरू खात न्हाय."